श्वास काढून टाकावा

मागच्या आठवड्यात माझ्या आवाजातल्या एका ऑडिओबुकची तपासणी होऊन चुकांची यादी परत आली. तपासणारी व्यक्ती पुस्तक समोर ठेवून फाइल ऐकते आणि जिथे खटकेल तिथली वेळ टिपून पुढे शेरा लिहिते. शब्द गळला. उच्चार बघा. पान उलटल्याचा आवाज. सगळं रास्त होतं. मी एकेक दुरुस्ती करत खाली आले आणि मध्येच ही ओळ: '१४:३२ – श्वास ऐकू येतो. काढून टाकावा.' त्या ठिकाणी कादंबरीतली म्हातारी शेजारच्या पोराकडून मुलाचं पत्र वाचून घेते आहे. पत्र संपतं. ती विचारते, "एवढंच?" त्या प्रश्नाच्या आधी मी श्वास घेतला होता, तोंडाने आणि चांगला मोठा. ठरवून घेतला नव्हता, वाचताना आला. स्क्रीनवर तो केसाळ सुरवंटासारखा दिसत होता, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. निवडायचा आणि डिलीट दाबायचं, काम तेवढंच. मी उठून कुकर लावला, मेथी निवडली, परत येऊन बसले. सुरवंट जागेवर होता आणि माझं बोट काही खाली जाईना.

खरं तर श्वासाचा मला फार पुळका नाही. जाहिरातीच्या तीस सेकंदांत श्वासाला जागाच नसते, तिथे मी ते सरसकट उडवते आणि रात्री शांत झोपते. बँकेच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सरकारी योजनांची माहिती, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' – तिथे कोणी श्वास घेतोय असं कळलं तर उलट विचित्र वाटेल. पण बारा तासांच्या कादंबरीत एक माणूस दुसऱ्या माणसाच्या कानाशी बसून वाचत असतो. तिथे काय आवाज आणि काय कचरा हे ठरवायला मी जे प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, निवडते, ते निवडताना मला दर वेळी थोडं अपराधी आणि थोडं मालकासारखं वाटतं.

सुरुवातीला मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते रेकॉर्डिस्टकाका रेडिओवरून निवृत्त झालेले. त्यांच्या उमेदीत संपादन म्हणजे ब्लेड. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची. नको तो आवाज शोधायला दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवायची, जागा सापडली की मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. म्हणजे माझा हा अर्ध्या सेकंदाचा श्वास त्यांना पावणेचार इंच पडला असता. काका म्हणायचे, "कापलेला तुकडा कार्यक्रम लागेपर्यंत गळ्यात अडकवून ठेवायचो. न जाणो, परत लागला तर." एक श्वास काढायला दोन-तीन मिनिटं जाणार असतील तर माणूस आधी विचार करतो की काढायलाच हवा का. माझ्या संगणकात तोच निर्णय एका बटणाने संपूर्ण पुस्तकभर लागू होतो. आयझोटोप कंपनीच्या आरएक्स या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी खास 'ब्रेथ कंट्रोल' आहे; ते श्वास स्वतः ओळखतं, वेचतं आणि सांगाल तितकं खाली नेतं. काकांना एकदा दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "हुंदका आला तर काय करतं?"

त्या दिवशी आम्ही हुंदका देऊन बघितला. मी दोनदा, काकांनी एकदा. त्यांचा गेला.

प्लगइनचा बाजार मात्र असा पसरलाय की माणूस आवाज सोडून बाजारातच हरवावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी ही प्लगइन जोडायची पद्धत आणली, संगणकातल्या संगणकात स्टुडिओची यंत्रं उभी राहू लागली, आणि आज नोव्हेंबर लागला की माझ्या इनबॉक्समध्ये दीडशे डॉलरचं तीस डॉलरला, तीसचं फुकट, फुकटाबरोबर अजून एक फुकट अशी रीघ लागते. निम्म्या जाहिरातींवर राखाडी पत्र्याचा एक डबा आणि त्यात हलणारी सुई असते: एलए-२ए नावाच्या साठच्या दशकातल्या कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठे आवाज दाबून चढउतार आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्राची, नक्कल. मूळ यंत्र मी आयुष्यात हात लावून पाहिलेलं नाही, पण त्याच्या तीन नकला माझ्याकडे आहेत. ते चालायचं कसं हे कळल्यावर मात्र मी त्याच्या प्रेमातच पडले. आवाज वाढला की आत एक चकती उजळते, तिच्यासमोर प्रकाशाला दबणारा रोधक असतो, तो आवाज खाली ओढतो. आवाज उतरला की रोधक लगेच अर्धा सावरतो आणि उरलेला अर्धा सावकाश, आपल्या मर्जीने. वाचणाऱ्याच्या आवाजाला ही सुस्ती मानवते. १९६७ चं ११७६ नावाचं दुसरं यंत्र याच्या उलट, सेकंदाच्या काही हजारांश भागाच्याही आत झडप घालतं. जाहिरातीतल्या 'आजच भेट द्या'ला ते बरं. कादंबरीत त्याने झडप घातली की वाक्यातला चढउतार इस्त्री केल्यासारखा सपाट होतो.

नकलांवर पैसे घालायच्या आधी मात्र आपलं घर ऐकावं, असं माझं मत झालंय. माझं घर डोंबिवलीत, रुळांपासून फार लांब नाही. लोकल जाते तेव्हा कानाला जे ऐकू येतं ते एक, आणि माइकला जमिनीतून, टेबलाच्या पायांतून जे पोचतं ते वेगळंच. ती घरघर इतकी खालच्या पट्टीतली असते की साध्या हेडफोनवर कळतही नाही. पण कॉम्प्रेसरला कळते. त्याला वाटतं, आवाज वाढला, आणि तो माझा बिचारा आवाज खाली दाबतो. ऐकणाऱ्याला गाडी ऐकूच येत नाही. बाई मध्येच का खोल गेली, एवढंच कळतं. म्हणून प्लगइनच्या साखळीत सगळ्यात आधी हाय-पास फिल्टर, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं बाहेर, आणि मग कॉम्प्रेसर. बाईच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे माझं काही जात नाही. भारदस्त पुरुषी आवाज ८५ पर्यंत उतरतो, तिथे ही रेघ ६० वर आणावी, नाहीतर त्याच्या भारदस्तपणाच्याच मुळावर घाव. हे काम करणारा फिल्टर फुकट मिळतो. विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी वापरते. साठ डॉलरच्या परवान्यात त्याचे इक्वलायझर, कॉम्प्रेसर, गेट सगळे येतात. त्यांना ना सुई, ना राखाडी पत्रा. खिडक्या दिसायला एखाद्या सरकारी अर्जासारख्या, पण काम चोख.

मग उरतो पंखा, फ्रिज, शेजारचा मिक्सर, वरच्या मजल्यावर खुर्ची ओढणारा सज्जन आणि मे महिन्यात पहाटे चारपासून कोकिळा. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या निर्मिती-मंचाने घालून दिलेली मोजमापं आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असतात: (सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शून्य, त्याखालचं सगळं उणे) सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर उणे ३ च्या वर जाता कामा नये, आणि कोणी बोलत नसताना खोलीची शांतता उणे ६० किंवा त्याहून खाली. पहिल्या दोन अटी कॉम्प्रेसर आणि शिखर अडवणारा लिमिटर पाळतात. तिसरीत घर पणाला लागतं. कारण कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो, आणि मग एकूण पातळी भरून काढायला आपण सगळंच सात-आठ डेसिबल वर उचलतो. त्या सगळ्यात पंखाही उचलला जातो. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण फिल्टरने अडवली तरी तिची १००, १५० ची पिल्लं उचलली जातात. आणि श्वासही उचलला जातो. १४:३२ चा श्वास मी घेतला तेव्हा तेवढा मोठा नव्हताच. शब्द दाबले गेले, तो वर आला.

इथे बरेच जण गेट लावतात. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की गेट दार बंद करतं, शब्द आला की उघडतं. ऐकायला छान कल्पना. प्रत्यक्षात वाक्य संपताना मराठी माणूस शेवटच्या स्वरावर जो रेंगाळतो, 'गेली गं', 'आलाच होता की', ती शेपटी दारात सापडते. आणि दोन वाक्यांमध्ये खोली एकदम नाहीशी होते. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला ती पोकळी कानावर दाब आल्यासारखी जाणवते. मी गेटऐवजी एक्स्पांडर वापरते. तो दार पूर्ण लावत नाही, लोटून ठेवतो. संपादनात जिथे काही कापलंच, तिथे त्याच खोलीची, त्याच दिवशीची काही सेकंदांची शांतता भरते. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी गप्प बसून तेवढी शांतता टिपून ठेवते. घरच्यांना हा प्रकार अजून पटलेला नाही. "ही बघ, आता काहीच रेकॉर्ड करत नाहीये," असं सासूबाई पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगतात, आणि ते वाक्य हमखास त्या शांततेत येतं.

नॉइज रिडक्शनची प्लगइन निवडताना मी सगळ्यात जास्त कचरले. जुन्या पद्धतीत तुम्ही त्याला नुसत्या गोंगाटाचा नमुना ऐकवता, मग ते तेवढ्या कंपनसंख्या सगळीकडून वजा करतं. जास्त वजा केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि मागे बारीक किणकिण सुरू होते. नव्या पद्धतीची, न्यूरल नेटवर्कवर चालणारी, वजाबाकी करत नाहीत. माणसाचा आवाज कुठला हे ती स्वतः ठरवतात आणि बाकीचं टाकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्क झाले होते. पंखा गायब, लोकल गायब, कोकिळा गायब, जणू मी महागड्या स्टुडिओत बसले आहे. दोन प्रकरणं पुढे गेल्यावर काहीतरी टोचायला लागलं. 'म्हातारी' वाचलेलं 'मातारी'च्या जवळ गेलं होतं. 'उन्हाळा'तला ह बारीक झाला होता. 'कोल्हापूर' नुसतंच 'कोलापूर' होऊ बघत होतं. पटलं मला ते; आमच्या कितीतरी व्यंजनांत हवा मिसळलेली, ख-घ-छ-झ-ठ-ढ, म्ह-न्ह-ल्ह-ऱ्ह. आणि हवा म्हणजे शेवटी सळसळच. यंत्राने ती पंख्याच्या खात्यात टाकली. तेव्हापासून मी हा नॉब पाच-सहा डेसिबलच्या पुढे नेत नाही, आणि नवीन प्लगइन आलं की त्याला आधी 'ऱ्हस्व' म्हणून दाखवते. उरलेला गोंगाट अडवायला कपाट आहे. कपाटाच्या दोन्ही दारांवर गोधड्या, पाठीमागे लग्नातला जाडजूड गालिचा, पायाखाली सतरंजी. उन्हाळ्यात आत बसलं की घामाच्या धारा लागतात, पण गोधडी कधी कोणाचा ह खात नाही.

डी-एसरची गोष्ट याच जातीची, फक्त उलट्या टोकाची. स, श यांची शीळ साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असते आणि डी-एसर तेवढ्यापुरता तो भाग दाबतो. त्याच्या तयार सेटिंगवर विसंबून मी काम केलं तर चोर, चमचा, चुलत यांतला दंतमूलीय चसुद्धा त्याच्या तावडीत सापडतो, कारण त्या चच्या पोटात स दडलेला आहे. म्हणून मी एक वाक्य बनवून ठेवलंय: 'चुलत सासूच्या चमच्यातून साखर सांडली.' नवं डी-एसर याच्यावर तपासते. 'थाथू' झाली की नॉब मागे. टोकियो डॉन लॅब्जचं टीडीआर नोव्हा हे फुकटातलं डायनॅमिक इक्वलायझर मी यासाठी कित्येक दिवस वापरतेय. त्यात कुठली पट्टी, किती दाबायची, कधी दाबायची, सगळं मला सांगावं लागतं, आणि तेच मला हवंय. एका क्लिकमध्ये सगळं करून देणारी प्लगइन मी घेऊन ठेवली आहेत, कारण स्वस्त होती. घाईच्या दिवशी वापरतेही. पण ती मला कधी विचारत नाहीत, आणि न विचारता मदत करणाऱ्या माणसांबद्दल मला जो संशय असतो तोच त्यांच्याबद्दलही आहे. जिभेचा-ओठांचा चटचटाट वेचणारं माउथ डी-क्लिक याला अपवाद. त्याला माझा दंडवत. सकाळी चहा घेऊन वाचायला बसल्यावर तोंडातून किती आवाज येतात हे ज्याने हेडफोनवर ऐकलंय, त्यालाच त्याची थोरवी कळेल.

तर, तपासणाऱ्या ताईंना मी शेवटी फोन केला. भांडायचं नव्हतं, पण थोडं होतंही. पंचविशीच्या असाव्यात, आवाज दमलेला. मी म्हटलं, "अहो, तो श्वास म्हातारीचा आहे." त्या म्हणाल्या, "मॅडम, मी दीडपट वेगाने ऐकते. त्या वेगात तो उचकीसारखा वाटतो. आणि ऐकणारेही आता कितीतरी जण वेग वाढवूनच ऐकतात ना." मी गप्प. फोन ठेवून दीडपट वेगाने लावून बघितलं. बाई बरोबर होत्या. म्हातारीला उचकी लागली होती. ती ज्या अर्ध्या सेकंदात मुलाला मनातल्या मनात सोडून देते, तो आता एक तृतीयांश सेकंद झाला होता, आणि त्या घाईत दुःख मावत नव्हतं. मला राग आला. पण कोणाचा, ते ठरेना. मुंबईच्या लोकलमध्ये लटकत, अर्धं लक्ष स्टेशनकडे ठेवून कोणी माझी कादंबरी ऐकत असेल तर त्याने कुठल्या वेगाने ऐकावी हे मी कोण सांगणार? मी तो श्वास आठ डेसिबल खाली आणला, म्हणजे कॉम्प्रेसरने जितका वर उचलला होता साधारण तितकाच, आणि फाइल पाठवून दिली. पुढच्या यादीत ती ओळ नव्हती.

त्याच सुमारास एका ग्राहकाने नमुना म्हणून यंत्राच्या आवाजातली एक फाइल पाठवली. 'असं क्लीन हवं.' मी ऐकली. उच्चार बरे होते, 'चहा' आणि 'चमचा' यांचे च एकाच साच्यातले, पण बरे. दुसऱ्या परिच्छेदाच्या आधी त्या आवाजाने श्वास घेतला. फुप्फुसं नसलेल्या आवाजाने, अगदी योग्य जागी, मोजून. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. आम्ही इथे प्लगइन लावून श्वास उपटतोय आणि तिकडे माणसासारखं वाटावं म्हणून ते पेरले जातायत. ग्राहकाला मी काही बोलले नाही. काम घेतलं, श्वास काढले, बिल पाठवलं.

पण मग श्वास ठेवणं म्हणजेच खरेपणा, असं म्हणावं तर ते एक सर आठवतात. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, गावाकडच्या आठवणी लिहिलेल्या आणि त्या स्वतःच्याच आवाजात वाचायच्या असा हट्ट. दमा जुना. दोन वाक्यांमध्ये छातीतून बारीक शीळ यायची, लांब ओढलेली, तिच्यात खालीवर दोन सूर ऐकू यायचे. मला ती फार आवडली होती. त्यांच्या गावच्या ओढ्याच्या वर्णनात ती शीळ ऐकताना मला वाटायचं, हे पुस्तक दुसरं कोणी वाचूच शकत नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला आवडते, कारण ती तुमच्या छातीत नाही. लोकांनी माझ्या आठवणी ऐकाव्यात, माझा दमा नको." यावर काय बोलणार. मी ब्रेथ कंट्रोल उघडलं. सरांच्या शिळेला ते श्वास मानायलाच तयार नव्हतं, कारण तिला सूर होता. त्याला तो बोलण्याचाच भाग वाटत होता. शेवटी आवाजाचं रंगीत चित्र दाखवणारा स्पेक्ट्रोग्राम उघडून, त्या शिळेच्या दोन पिवळ्या रेघा एकेक करून पुसल्या. मागे त्यांच्या खोलीची शांतता भरली. कित्येक रात्री गेल्या त्यात. काका असते तर त्यांच्या गळ्यात टेपचा हार झाला असता.

पुस्तक झाल्यावर सरांनी ते पूर्ण ऐकलं, साध्या वेगाने, आणि खूश झाले. मला अजूनही मूळ फाइल जास्त आवडते. ती मी जपून ठेवलीय, पण त्यांना विचारल्याशिवाय ती कोणाला ऐकवणार नाही.

परवा त्यांचा फोन आला. दुसरा भाग लिहून तयार आहे, कधी बसायचं? मी म्हटलं, सर, जुलै चाललाय, हवा दमट आहे, दसऱ्यानंतर बघू. ते म्हणाले, "तोपर्यंत कोण थांबतंय? तुम्ही त्या यंत्राला सांगून ठेवा, पावसाळ्यात मला श्वास जरा जास्त लागतो."